गळ्याबरोबर

जबलपूर, ३ डिसेंबर १९६२

प्रिय गोदू,

अनेक आशीर्वाद. या पत्राच्या मागोमाग एक पार्सल येईल. उघडून हसू नकोस. त्यात लोकरीचे गुंडे आहेत, सगळे उरलेसुरलेले. इथे आमच्या महिला मंडळात सध्या दुसरं कामच नाही. सीमेवरच्या जवानांसाठी जी ती स्वेटर, हातमोजे, कानटोप्या विणत बसली आहे. लढाई थांबली म्हणतात, पण तिकडची थंडी थोडीच थांबते? स्वेटर झाला की प्रत्येकीकडे थोडी लोकर उरते आणि ती टाकून द्यायला कोणाचा जीव होत नाही. मी म्हटलं, द्या माझ्याकडे, पनवेलला माझी भावजय आहे, तिचे हात दुपारचे रिकामे असतात.

तुला विणता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सगळ्यात सोपी वस्तू सांगते. गळपट्टा करायचा. मफलर नव्हे, मफलरची टोकं लोंबतात आणि कामात अडकतात. हा बंद असतो, गोल. तीन गुंड्यांचे तीन धागे एकत्र धरायचे, म्हणजे वीण जाड होते आणि भरभर वाढते. सुयाही जाड लागतील. वीतभर रुंदीचे टाके घाल आणि सगळ्या ओळी सुलट विणत जा. उलट टाक्याच्या वाटेला जाऊच नकोस. लांबी पुरेशी झाली की टाके बंद कर आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाक. गळ्याबरोबर बसला पाहिजे, आत वारा शिरता कामा नये, एवढं लक्षात ठेव. टाके कसे घालायचे त्याचं चित्र भामाने काढलंय. तिचा हात बरा आहे, माझ्या लेकीला निदान तेवढं तरी येतं.

आप्पांची काळजी मी करत नाही, कारण तू आहेस. त्यांना पहिल्यापासून घराबाहेरच्या कोणाच्या हातचं पाणी चालत नाही. माझा भाऊ महादेव गेल्यावर तू माहेरी गेली असतीस तर माझ्या बापाचं काय झालं असतं? त्यांना नमस्कार सांग.

तुझी,
वेणू

—

पनवेल, २० डिसेंबर १९६२

ती. वन्संना गोदूचा नमस्कार.

पार्सल मिळालं. इथे थंडी म्हणजे पायाशी असलेली चादर पहाटे कमरेपर्यंत ओढायची, एवढीच. त्यामुळे गुंडे बघायला निम्मी आळी येऊन गेली. शेजारच्या गंगाबाईंनी हात लावून विचारलं, हे अंगाला चावत नाही का? मला वाटलं होतं आप्पा कुरकुर करतील, पण ते म्हणाले, लोकरीला विटाळ नसतो, ठेव माझ्या खाटेवर. तेव्हापासून गुंडे त्यांच्या उशाशी असतात आणि मी विणताना ते डाव्या हाताने धागा सोडतात. लकव्याने गेलेली उजवी बाजू होती तशीच आहे. जिभेला जडपणा आहे, पण मला सगळं समजतं.

जाड सुया पनवेलच्या बाजारात कुठल्या मिळायला? आप्पांना उचलून बसवायला चांगो येतो ना, मोळ्या विकणारा कातकरी, त्याने कळकाच्या दोन सुया तासून दिल्या. पहिले टाके पोस्टमास्तरांच्या बायकोने शिकवले. चार बोटं विणून झालं आहे, तसाच एक छोटा तुकडा वेगळा विणून नमुना म्हणून पाठवते. रागावू नका.

हात दुपारचे रिकामे असतात असं तुम्ही मंडळात सांगितलंत. असतात, अर्धा तास. चांगोने उचललं की आप्पांच्या अंगावर पाणी शिंपडायचं, कपडे बदलायचे, घास भरवायचा, कूस वळवायची. मी कुरकुर करत नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

एक सांगायचं आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आप्पांना बघायला आल्या होत्या. मी त्यांचं कसं करते ते बघत राहिल्या. म्हणाल्या, मुंबईच्या सरकारी इस्पितळात नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण आहे, राहायची सोय आहे, तुम्ही सातवी पास आहात, अर्ज का करत नाही? मी हसले. नंतर अर्ज केला. वन्सं, जागा मिळाली तर जूनमध्ये हजर व्हावं लागेल. येत्या श्रावणात मला तीस पुरी होतात, पुढच्या वर्षी घेणार नाहीत. तुम्ही उन्हाळ्यात येऊ शकाल का? किंवा आप्पांना तिकडे नेता येईल का? मला आधी तुम्हालाच विचारायचं होतं. आप्पांना अजून काही बोललेले नाही.

तुमची,
गोदू

—

जबलपूर, ११ जानेवारी १९६३

प्रिय गोदू,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि नमुना मिळाला. टाके फार आवळ आहेत. सुई आत शिरायला नको म्हणते. अशी वीण ताणत नाही, फळीसारखी उभी राहते. तू धागा ओढतेस, तो ओढायचा नसतो, बोटावरून आपला आपण येऊ द्यायचा. कडेचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घे, म्हणजे कड सरळ येईल. सुया मात्र झकास असणार, इथे असत्या तर मंडळात सगळ्यांनी हातात घेऊन पाहिल्या असत्या.

इथे भामाची परीक्षा, यांचा कारखान्यातला ओव्हरटाइम, मला मान वर करायला फुरसत नाही. तुझं बाकीचं वाचलं. त्याविषयी सवडीने. डॉक्टर मंडळी बोलून जातात, त्यांचं काय जातं? पुढच्या पत्रात लोकरीविषयीच लिही. मला तेच वाचायला बरं वाटतं.

तुझी,
वेणू

—

पनवेल, ४ एप्रिल १९६३

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही लोकरीविषयीच लिहायला सांगितलंत, तेव्हा लोकरीपासूनच सुरुवात करते.

परवा दुपारी पट्टा पुरा झाला. करडा, मरून आणि शाळेच्या स्वेटरचा निळा असे तीन धागे. टाके आवळच आहेत, माझा हातच तसा, काय करू? टाके बंद करून शिवायला बसले. गळ्याबरोबर बसला पाहिजे असं तुम्ही लिहिलं होतं. म्हणून मी आरशापुढे बसून तो गळ्याभोवती गुंडाळला, हनुवटीखाली दोन्ही टोकं जुळवली आणि तिथेच, अंगावरच, घट्ट शिवून टाकला. छान बसला. वारा शिरायला जागा नव्हती. मग काढायला गेले.

हसा तुम्ही. आपल्याकडे गळ्यात घालायची वस्तू म्हणजे मागे फासा नाही तर गोंडा. ठुशी काय, पोत काय, डोक्यावरून कोणी काही घालतं का? पट्टा हनुवटीशी आला, कानापर्यंत चढला, पुढे येईना. ओढला तर गाठ आणखी आत गेली. कात्री लावली तर ती जाड विणीत चावायला लागली, आणि खाली माझा गळा. बाहेर चैत्राचं ऊन. घामाने लोकर भिजली आणि अंगाला चावायला लागली, गंगाबाई म्हणाल्या होत्या तशीच. त्या लग्नाला गेलेल्या. दुसऱ्या कोणाकडे जाऊ? माझ्या गळ्यात दोन वर्षांत काही नाही आणि आता एवढं जाडजूड काहीतरी बघून लोक काय म्हणाले असते ते तुम्हीच ओळखा.

वन्सं, मला रडू नाही आलं, राग आला. वाटलं, या घराचंही असंच आहे. दुसऱ्यांनी सांगितलेल्या मापाने मी माझ्याच हाताने ते शिवून घेतलं आणि आता ते निघत नाही.

माझी धडपड ऐकून आप्पांनी हाक मारली. मी पुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग हसले. तोंडाची एकच बाजू हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "इकडे ये. खाली बस. मान वर कर."

मी बसले. डोक्यावरचा पदर केव्हा खाली आला ते कळलं नाही. सासऱ्याने सुनेच्या गळ्याला हात लावायचा, दोघांनाही कसंतरीच झालं. पण चाळीस वर्षं दुकानात भाताच्या पोत्यांची तोंडं उसवलेला हात तो. डावा असला म्हणून काय झालं? नखाने एकेक टाका शोधून उचलत होते. फार वेळ लागला. माझी मान वर, तोंड छताकडे, समोरचं माणूस दिसत नव्हतं. म्हणूनच मला बोलता आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. जागा मिळाल्याचं इस्पितळाने कळवलंय, पंधरा जूनला हजर व्हायचं आहे, मी वन्संना विचारलंय, त्यांनी उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, आप्पा, मला जायचं आहे. तुम्हाला टाकून जायचं नाही, पण मला जायचं आहे. हे दोन्ही खरं आहे.

त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. शेवटचा टाका निघाल्यावर पट्टा माझ्या मांडीवर पडला. ते म्हणाले, "जा, तोंड धू." तेव्हापासून माझ्याकडे बघत नाहीत.

वन्सं, आता लोकर पुरे. येता की नाही ते सांगा.

गोदू

—

जबलपूर, २० एप्रिल १९६३

प्रिय गोदू,

हे पत्र मी मंडळाच्या खोलीत बसून लिहिते आहे. यापुढे मलाही मंडळाच्याच पत्त्यावर लिही, आमच्या चिटणीसबाई देतील. घरी आलेली तुझी पत्रं आधी हे फोडतात आणि जेवताना मला वाचून दाखवतात. डिसेंबरचं तुझं पत्र वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हातारा इथे येणार?" पुढे मी विषय काढला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. पनवेलला जाऊन येते म्हटलं तर म्हणाले, गेलीस तर तिथेच राहा, भामा इथे राहील. गोदू, ते उगीच बोलायचं म्हणून बोलत नाहीत. बोलले तसं करतात.

परवा तुझं पत्र वाचताना पट्ट्याच्या ठिकाणी ते पोट धरून हसले. पुढचं वाचलं आणि कागद माझ्या ताटाशी टाकून उठले. मी तो तिथेच बसून पुन्हा वाचला.

तुला वाटत असेल मी इथे राणी आहे. जवानांचं नाव आहे म्हणून मला मंडळात येऊ देतात. लोकर आहे म्हणून पार्सल करू देतात. माझ्या बापाला मी दुसरं काहीच पाठवू शकत नाही, म्हणून लोकर पाठवली.

पट्ट्याच्या बाबतीत चूक माझी. गळ्याचं नाही, डोक्याचं माप घ्यायचं. तो डोक्यावरून घालायचा हे लिहायचंच राहिलं, इथे सगळ्यांना ठाऊक असतं ना.

एक वर्ष थांब. वयाचं काहीतरी बघता येईल, डॉक्टरबाईंना गळ घाल. मी तुझ्यापुढे पदर पसरते. तू गेलीस तर त्यांना पाणी कोण देणार? कोणाच्या हातचं घेत नाहीत ते. माझा बाप उपाशी मरेल, आणि मी इथे बसून कानटोप्या विणत असेन.

वेणू

—

पनवेल, १४ मे १९६३

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी थांबायचं ठरवलं होतं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल भलतं मनात आणणार नाही. इस्पितळाला येत नाही म्हणून कळवायलाही बसले होते. आप्पांनी विचारलं, कोणाला लिहितेस? मी सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी जिजा मोळी घेऊन आली. जिजा म्हणजे चांगोची बायको. मोळी टाकून अंगणात टेकली होती. आप्पांनी आतून हाक मारली, "जिजा, पाणी दे मला." मी तांब्या उचलला. त्यांनी तोंड फिरवलं. "तू नको. तिला सांगितलंय."

जिजा जागची हलेना. म्हणाली, "नको शेट. आमी तुमच्या भांड्याला हात नाय लावत. आळीवाली मला मारतील."

"भांडं माझं आहे. आण."

ती माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. शेवटी तिने लुगड्याला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि उंबरा ओलांडून आत आली. त्यांना घोट घोट प्यावं लागतं. प्रत्येक घोटाला ते डोळे घट्ट मिटत होते. वन्सं, त्यांना ते सोपं गेलं नाही. जन्मभराचं सोवळं होतं. संध्याकाळी सगळं ओकले. मी धावले तर मला हाताने अडवलं आणि चूळ भरायला पाणी मागितलं, तेही जिजाकडेच.

तेव्हापासून माझ्या हातचं काही घेत नाहीत. मी घास पुढे केला की ओठ मिटून घेतात. काल मी जबरदस्तीने भरवला तर थुंकून टाकला. सात वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस. मी परसात जाऊन रडले.

जिजाला मी विचारलं, करशील का कायमचं? ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "पावसाची माजी पोरं पडवीत निजतील काय? झोपडीत पानी येतं." मी आप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "आतल्या खोलीत निजू दे." चांगो आणि ती सामान घेऊन आली आहेत. गंगाबाईंनी येणं बंद केलं. भटजींनी निरोप पाठवला की आता आमच्याकडे यायला जमणार नाही. आप्पा म्हणाले, "बरं झालं."

मी सुटले असं मला वाटायला हवं. मला हाकलून लावल्यासारखं वाटतंय. काय करू?

डोक्याच्या मापाने गळपट्टे झाले आहेत. मंडळाला वेगळे पाठवते.

गोदू

—

जबलपूर, २३ मे १९६३

गोदू,

तुझं पत्र मिळालं. माझ्या बापाला या वयात तू बाटवलंस. तू केलं नाहीस म्हणतेस, पण तुला जायचं होतं म्हणूनच त्यांनी केलं ना? मग ते तूच केलंस. त्या दुपारी मान वर करून तू त्यांच्या कानात भरवलं नसतंस तर ते सुखाने आपल्या सोवळ्यात गेले असते. उद्या भामाच्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, आजोळी कोणाच्या हातचं जेवतात? मी काय सांगू? यांना कळलं तर मला पनवेलचं नावही काढता येणार नाही. तू एकटी मोकळी झालीस. आम्ही सगळे

२५ मे

परवा वरचं लिहिताना चिटणीसबाई आल्या म्हणून अर्धं राहिलं. आज फाडायला घेतलं होतं. फाडत नाही. मला असं वाटलं होतं हे तुला कळलं पाहिजे, आणि अजूनही थोडं वाटतंच.

पण दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे तेच आहे. लहानपणी मी शाळेतून आले की तशीच आप्पांना बिलगायला जायची. ते लांब व्हायचे. म्हणायचे, आधी कपडे बदल. पोटच्या पोरीला शिवले नाहीत ते. त्यांनी डोळे मिटून ते पाणी प्यायलं. गोदू, त्यांनी माझ्यासाठी असं कधी काही केलं नाही. मला तुझा मत्सर वाटतो. बापाला ओकारी आली आणि मला मत्सर वाटतो, अशी मी आहे.

जिजाला सांग, घास डाव्या गालात द्यायचा, उजव्या बाजूला दिला तर तिथेच राहतो आणि ठसका लागतो. भात मऊ करून, ताकात कालवून. पाणी देताना मान थोडी पुढे. तुला हे सगळं माहीत आहे, पण सांग तिला. मी सांगितलं म्हणून सांग.

तू जा.

वेणू

—

मुंबई, १९ जून १९६३

ती. वन्संना गोदूचा नमस्कार.

मी इथे येऊन चार दिवस झाले. एका खोलीत आम्ही सहाजणी आहोत, सगळ्या माझ्याहून लहान. त्या मला मावशी म्हणतात. पहाटे उठून फरशी पुसायची, मग वॉर्डात. कामाचं काही वाटत नाही. रात्री मात्र कूस वळवायला म्हणून जाग येते आणि मग आठवतं की इथे कोणाची कूस वळवायची नाही.

तुमचं पत्र मी जिजाला वाचून दाखवलं, फक्त शेवटचं. डाव्या गालाचं ऐकून ती म्हणाली, "त्ये मला ठावं हाय, माज्या बापाला बी असंच झालं व्हतं." तरी दोनदा म्हणून दाखवलंन. पहिल्या पानाबद्दल मी तुमच्यावर रागावलेली नाही. थोडी आहे. ते जाईल.

आता निघतानाचं सांगते, कारण तुमच्याखेरीज हे मी कोणाला सांगणार?

मी सकाळपासून त्यांच्या खाटेभोवती घुटमळत होते. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पाया पडले. पाय हलवला नाही. मी म्हटलं, आप्पा, येते. बोलले नाहीत. म्हटलं, रागावलात का? तरी नाही. मी तिथेच खाली बसले. एस.टी.ची वेळ होत आली होती, चांगो ट्रंक घेऊन बाहेर उभा होता आणि मला उठता येईना. वन्सं, त्यांनी त्या क्षणी नुसतं वळून बघितलं असतं तरी मी राहिले असते. ट्रंक आत घेऊन चूल पेटवली असती. त्यांना ते माहीत होतं.

शेवटी उठले. उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं. फाटकाची कडी हातात होती तेव्हा माझे पाय पुन्हा थांबले. तेवढ्यात आतून त्यांची हाक आली, आजारपणानंतर एवढ्या मोठ्याने मी ऐकली नव्हती. "जिजा, पाणी आण."

त्यांना तहान लागलेली नव्हती. मी खाटेशी बसले होते तेव्हाच जिजाने त्यांना पोटभर पाजलं होतं.

तुमची,
गोदू